धर्माचा दम

नातू टीव्हीवर कबड्डी लावतो आणि माझं डोकं फिरतं. एकच पकड सात वेळा दाखवतात, पाय रेषेला लागला का ते मोठं करून बघतात. पण चढाई करणाऱ्याचा दम कुणी ऐकतच नाही. वर ते कानठळ्या बसवणारं गाणं!

दम टिकला की तुटला, हे पंचाच्या कानालाच कळतं. साठ सालच्या आसपास रेवदंड्याच्या वाळूत हुतुतूचा पंच मी होतो. मुंबईच्या एका गिरणीचे साहेब त्यांच्या संघासाठी एक गडी निवडायला आले होते. शेवटच्या चढाईत कोळीवाड्याच्या धर्माची कंबर माझ्या चुलतभावाने, सदूने, धरली. धर्मा कोपरांवर सरकत मधल्या रेषेकडे येत होता, तोंडाने हुतुतू चालूच. मी शिट्टी फुंकली. "दम गेला!"

धर्मा थांबला नाही. त्याच दमात उठला, चालत आला आणि माझ्या कानाशी हुतुतू करत राहिला.

"मास्तरांना गाना ऐकवतंस का रं?" कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

छाती रिकामी झाली तेव्हा तो हळूच म्हणाला, "आता गेला बगा, मास्तर. मगाशी न्हवता गेला."

"निकाल दिलाय," मी म्हणालो.

गिरणीत सदू लागला. धर्मा जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर राबला. गेल्या महिन्यात तो वारला, म्हणून आता लिहितो: शिट्टी वाजवताना त्याचा दम मला स्वच्छ ऐकू येत होता.