कव्हरवरचं कुंकू

दसऱ्याला आमच्या सोसायटीत सगळ्या गाड्या धुऊनपुसून उभ्या होत्या. शेजारच्या काकांची महागडी गाडी तेवढी कव्हरखाली. काकू पूजेचं तबक घेऊन आल्या, तर काका म्हणाले, “कव्हर काढू नकोस. रंगाला डाग पडला तर विकताना भाव मिळत नाही.” काकूंनी कव्हरवरच कुंकू लावलं आणि आपल्या आईकडे जायला भर उन्हात रिक्षा शोधत निघाल्या.

उद्या ही गाडी घेणाऱ्या कुणा अनोळखी माणसासाठी काका किती जपतात! घरच्या माणसाच्या वाट्याला एवढी काळजी येत नाही. त्याला कुठे विकायचं असतं?

संध्याकाळी काका ओलं फडकं घेऊन खाली आले आणि त्यांनी ते कुंकू पुसून काढलं. कव्हरही महागाचं होतं.