सुजाताच्या लॅपटॉपमधला फुकटचा अँटिव्हायरस

“कॉपी केली म्हनं माझ्या पोरीनं! जिला स्क्रीनच दिसत न्हाई, ती कुणाचं बघून लिवनार हाय?”

दुकानात शिरल्या शिरल्या आप्पांनी लॅपटॉपची बॅग माझ्या काउंटरवर आदळली. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान सांगलीत विश्रामबागला आहे. चिडलेली माणसं रोजच बघते, पण हा राग वेगळा होता. आप्पा फौजेतून रिटायर झालेले, औंधजवळच्या एका गावचे. मागे त्यांची मुलगी सुजाता उभी होती. तिला मी कॉलेजपासून ओळखत होते. इथल्याच कॉलेजात ती बी.ए. झाली, तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडेच यायचा. सुजाताला जन्मापासून दिसत नाही.

“आप्पा, हळू. मॅडमना आधी सांगू तरी दे,” ती म्हणाली आणि चाचपत खुर्चीवर बसली.

झालं होतं ते असं. एका कंपनीत घरून काम करायची नोकरी होती. ग्राहकांचे फोन घ्यायचे, त्यांच्या तक्रारी टाइप करायच्या. दोन फेऱ्या सुजाताने पार केल्या होत्या. शेवटची ऑनलाइन टेस्ट होती. अशा टेस्टमध्ये एक कडक नियम असतो. टेस्ट चालू असताना दुसरी कुठलीही विंडो उघडली, तर उमेदवार उत्तर शोधतोय असं सिस्टीम धरते आणि टेस्ट बंद करते.

सुजाता कॉम्प्युटर कानाने वापरते. स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर स्क्रीनवरचा मजकूर तिला वाचून दाखवतं. माऊस तिच्या उपयोगाचा नाही. टॅबचं बटन दाबत ती पुढे सरकते आणि हवं ते आलं की एंटर दाबते. उत्तर निवडून ती एंटर दाबायला गेली, त्याच क्षणी टेस्टच्या वर एक पॉप-अप आला. नवीन लॅपटॉपबरोबर आलेल्या ट्रायल अँटिव्हायरसचा. फुकटची मुदत संपलेली होती, आणि तेव्हापासून तो रोज तिला घाबरवत होता की तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. तिचं एंटर उत्तरावर पडलंच नाही. ते पडलं ‘रिन्यू करा’ या बटनावर. ब्राउझर उघडला, पैसे भरायचं पान आलं आणि टेस्ट बंद झाली. संध्याकाळी मेल आला: गैरप्रकाराचा संशय.

“मग मी फोन केला,” सुजाता म्हणाली. “लय बोलले मी त्यांच्याशी. शेवटी शुक्रवारी परत टेस्ट द्या म्हणाले. पण परत असं झालं तर विषय संपला.”

“आणि हा पॉप-अप तू बंद का नाही करत?”

“कसा करू? ‘रिन्यू करा’ हे स्क्रीन रीडर स्पष्ट वाचतो. बंद करायच्या फुलीवर टॅब जातच नाही. कितीही दाबा, फिरून परत रिन्यूवरच येतं.”

मी करून बघितलं. ती म्हणत होती ते शब्दशः खरं होतं. पैसे घ्यायच्या बटनाला नाव होतं. सुटकेच्या फुलीला नव्हतं. डोळे असलेल्यालाही ती फुली शोधावी लागत होती, इतक्या फिक्या रंगात कोपऱ्यात बसवलेली. ती कुणीतरी बसून, विचार करून तशी केलेली होती. माझं डोकं तिथेच तापायला लागलं.

मी नेहमीच्या रस्त्याने सुरुवात केली. सेटिंगमध्ये जाऊन अनइन्स्टॉल. त्याने विचारलं, खरंच असुरक्षित राहायचंय का? हिरवं मोठं बटन, ‘नाही, मला सुरक्षित ठेवा’. खाली बारीक अक्षरात, ‘तरीही पुढे जा’. पुढे गेले. जायचं कारण विचारलं. कारण दिलं. मग सवलत देऊ केली. ती नाकारली. शेवटी रिस्टार्ट मागितला, तो दिला. चालू केल्यावर चिन्ह गेलेलं होतं, पण त्याचा फोल्डर जागच्या जागी होता आणि आतून काहीतरी चालूच होतं. फोल्डर डिलीट करायला गेले तर परवानगी नाही.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. अँटिव्हायरस स्वतःचं रक्षण करतो, कारण व्हायरस आला की आधी त्यालाच मारायला बघतो. म्हणून तो सहज पुसला जात नाही. हे ठीक आहे. पण मालकानेच जा म्हटल्यावरही न जाणं, याला रक्षण म्हणत नाहीत.

मी लॅपटॉप सेफ मोडमध्ये चालू केला. म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं जागं होतं, बाकीची सॉफ्टवेअरं झोपलेली राहतात. त्या अँटिव्हायरस कंपनीचंच एक साफ करायचं टूल असतं, ते चालवलं. फोल्डर गेला. रिस्टार्ट केला, सगळं शांत. सुजाता आप्पांबरोबर विश्रामबागेतच आत्याकडे उतरली होती. लॅपटॉप घेऊन दोघं गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेले तर दोघं पायरीवर बसलेली.

“आलं परत,” सुजाता म्हणाली.

या वेळी मी नीट मागे लागले. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने आपला एक ‘असिस्टंट’ आत घातलेला होता. नाव मदतनिसाचं. काम काय, तर इंटरनेट मिळालं की अँटिव्हायरस आहे का बघायचं आणि नसला तर परत आणून बसवायचा. मी सुजाताचा सगळा डेटा पेन ड्राइव्हवर काढला आणि लॅपटॉप फॅक्टरी रिसेट केला, म्हणजे कारखान्यातून निघाला तसा कोरा केला.

तो कोरा झालाच नाही. कारखान्यातून निघताना ट्रायल आत होतं, त्यामुळे रिसेटनेही ते प्रेमाने परत आणून ठेवलं. वर पहिलाच पॉप-अप: स्वागत आहे, आजच सुरक्षा घ्या. आणि खाली तेच ‘रिन्यू करा’.

मी अँटिव्हायरस कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला.

“मॅडम, तुम्ही सबस्क्रिप्शन रिन्यू करा. पॉप-अप येणं बंद होईल.”

“मला रिन्यू करायचं नाही. काढून टाकायचंय.”

“काढल्यावर सिस्टीम अनप्रोटेक्टेड होईल, मॅडम.”

“होणार नाही. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस आहे. हा गेला की तो चालू होतो. तुम्हाला माहीत आहे.”

तिकडून परत तोच सूर, “मॅडम, मी तुम्हाला एक वर्षाचा प्लॅन ऑफरमध्ये देऊ शकतो.”

आप्पांनी फोनकडे बघितलं. “ह्यो मानूस हाय का टेप?”

मी फोन ठेवला. आता एकच मार्ग राहिला होता, सगळं पुसून बाहेरून कोरं विंडोज टाकणं. पण लॅपटॉप वॉरंटीत होता. घेतला होता सांगलीतल्याच एका शोरूममधून. मी दुकानदाराला फोन करून विचारलं तर म्हणाला, “कंपनीचं सॉफ्टवेअर काढलं की वॉरंटी गेली.” हे मी आजवर कुठे वाचलेलं नव्हतं. सुजाताचा स्क्रीन रीडर परत टाकला आणि तिघं उठून शोरूमवर गेलो.

दुकानदार गोड माणूस. पाणी दिलं. “अहो, सगळ्याच लॅपटॉपमध्ये असतं ते. फ्री आहे. बंद करायचं आणि काम करायचं, एवढं काय?”

सुजाताने आपला लॅपटॉप त्याच्या टेबलावर ठेवला आणि चालू केला. पॉप-अप आलाच.

“करा बंद,” ती म्हणाली. “फक्त माऊसला हात लावायचा न्हाई. आणि डोळे मिटायचे.”

तो हसला. शोरूममधली दोन-तीन गिऱ्हाइकं बघायला लागली तेव्हा त्याला डोळे मिटावेच लागले. सुजाताने त्याचं बोट धरून टॅबच्या बटनावर ठेवलं. तो दाबत राहिला. स्क्रीन रीडर त्याला परत परत एकच वाचून दाखवत होता. “रिन्यू करा. बटन. रिन्यू करा. बटन.” वैतागून त्याने एंटर मारलं. पैसे भरायचं पान उघडलं.

“आता तुमची नोकरी गेली,” सुजाता म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. “वर तुमी कॉपी केली असा मेल येईल.”

दुकानदाराने डोळे उघडले. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, “मी काय करणार मॅडम? वरून असंच येतं.”

“वॉरंटी जाते असं लिहून द्या,” मी म्हटलं.

“तसं लिहून… तसं काही नसतं. पार्ट खराब झाला तर वॉरंटी राहील.”

“मग फोनवर का सांगितलंत?”

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आप्पा उठले. “चला. हितं टाइम खराब करायचा न्हाई.”

दुकानात येऊन मी डिस्क पूर्ण पुसली आणि दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून कोरं विंडोज टाकलं. इंटरनेट जोडलं, रिस्टार्ट केला. डेस्कटॉप आला आणि कोपऱ्यातून कंपनीचा असिस्टंट परत वर आला. इन्स्टॉल करू का?

मी खरंच शिवी दिली. आप्पांनी ऐकली आणि मान डोलावली.

डिस्क कोरी होती, म्हणजे हा डिस्कमधून आला नव्हता. मदरबोर्डवर एक चिप असते, लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी तीच जागी होते. तिच्या सेटिंगला आम्ही बायोस म्हणतो. कंपनीने असिस्टंटची सोय त्या चिपमध्येच करून ठेवलेली होती. विंडोज कितीही वेळा नवीन टाका, चिप त्याच्या हातात असिस्टंट ठेवणारच. बायोसच्या आत, मेनूच्या आतल्या मेनूत, एका साध्यासुध्या नावाखाली ते बंद करायची सोय सापडली. मी ती बंद केली, असिस्टंट काढला.

आणि तेव्हा मला सगळ्यात जास्त राग आला. बायोसमध्ये स्क्रीन रीडर चालत नाही. तिथे आवाजच नाही. म्हणजे सुजाता कॉम्प्युटरमध्ये कितीही हुशार असती, तरी स्वतःच्या लॅपटॉपमधून ही घाण तिला एकटीने काढताच आली नसती. तिने विकत घेतलेल्या वस्तूत तिला जिथे जाता येत नाही, अशा जागी तिला नको असलेली गोष्ट ठेवलेली होती.

मी रिस्टार्ट केला. मग परत केला. इंटरनेट चालू ठेवून लॅपटॉप तसाच सोडला आणि दुसरी कामं उरकली. काही आलं नाही. लॅपटॉप रात्रभर माझ्याकडे ठेवला. सकाळीही काही नाही. मग तिचा डेटा आणि स्क्रीन रीडर परत टाकला.

शुक्रवारची टेस्ट सुजाताने माझ्याच दुकानात दिली, आतल्या खोलीत. इंटरनेट बरं होतं म्हणून. आप्पा दारात उभे राहिले. येणाऱ्या गिऱ्हाइकाला हात दाखवून थांबवायचे, “दमानं गड्या, आत परीक्षा चालू हाय.” एकाने आवाज वाढवला तर त्याला दंडाला धरून रस्त्यापर्यंत सोडून आले. मी बाहेर प्रिंटर उघडून बसले होते, पण त्यात लक्ष नव्हतं. आतून फक्त टाइपिंगचा आवाज येत होता. प्रत्येक वेळी तो थांबला की मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवायचे.

शेवटी दार उघडलं. “झालं,” सुजाता म्हणाली. “पूर्ण झालं. मधे कुणी बोललं न्हाई.”

तिला नोकरी मिळाली. पहिल्या टेस्टचा ‘गैरप्रकार’ हा शेरा रेकॉर्डवरून काढा, असं तिने कंपनीला सांगितलं. पाठपुरावा केल्यावर तो काढला. त्याबद्दल सॉरी मात्र कुणी म्हटलं नाही. लॅपटॉप कंपनीला मी सविस्तर तक्रार पाठवली, फुलीपासून चिपपर्यंत सगळं. उत्तर आलं, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. त्याच मेलच्या खाली त्याच अँटिव्हायरसची जाहिरात होती.

या धंद्यात राहून एक शिकले. नको असलेलं सॉफ्टवेअर ‘मी गेलो’ म्हणालं, तर त्याचं ऐकू नये. रिस्टार्ट करावा, इंटरनेट जोडावं आणि एक रात्र वाट बघावी. मगच गिऱ्हाइकाला सांगावं, गेलं म्हणून.