पाव्हणं आलं की शांताआक्का आमच्याकडं

थांबा, हे आत्ताच लिहिते, उद्यावर ढकललं तर लिहून व्हायचं न्हाय. आज शांताआक्काचं बारावं झालं, तिथनंच आले मी.

शहापुरात आमच्या भिंतीला लागून तिचं घर. लहानपणी पोलिओ झालेला, गुडघा हातानं दाबत चालायची. दिवसभर भावाच्या, सुरेशअण्णाच्या, विणायच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि बडबडायची. "पाय आखडलाय गं, जीभ न्हाय," म्हणायची. अण्णाची बायको लवकर गेली. त्याच्या रूपाला न्हाऊमाखू घालून आक्कानंच वाढवलं.

पण रूपाला बघायला पाव्हणं येणार असलं की अण्णा आक्काला आमच्याकडं आणून बसवायचा. घरात असं माणूस दिसलं की सोयरीक मोडती, असं सगळी गल्लीच म्हणायची. आमची आईपण गप चहा ठेवायची. आक्काच हसून मला म्हणायची, "माझ्याआधी माझा पाय पोचतोय सगळीकडं. तू जा, पोरगा कसा हाय बघून ये."

निपाणीचं स्थळ जमलं, लग्न तिकडंच. आक्कानं नवी साडी काढून ठेवलेली. अण्णा म्हणाला, हॉलला लई पायऱ्या हायत. तिनं साडी घडी घालून परत ट्रंकेत ठेवली. मी हॉलमधनं व्हिडिओ कॉल लावला, तर आक्कानं इकडं मोबाईलवरच अक्षता टाकल्या. म्हणाली, "रूपाला जरा जवळनं दाखव की." गर्दीत मला जमलंच न्हाय.

आज रूपा सासूबाईंना घेऊन आलती. हार घातलेल्या फोटोकडं बघून सासूबाईंनी विचारलं, सख्खी आत्या, मग लग्नात कशा दिसल्या न्हाईत? अण्णा परत पायऱ्यांचं काढायला लागला.

रूपा मधेच म्हणाली, "आत्याला पोलिओ होता. तुम्ही नको म्हणशीला म्हणून लपवलं आम्ही."

आम्हाला वाटलं, आता झालं. सासूबाईंनी पदराचा काठ चुरगाळला. मग अण्णाला म्हणाल्या, "आमच्या धाकट्याचा हात जन्मापासनं लुळा हाय. तुम्ही घर बघायला आलता तवा त्याला मामाकडं धाडलं. लग्नातबी आणला न्हाय."

रूपानं मान खाली घातली. तिला सासरी गेल्यावर कळलेलं, पण माहेरी बोलली नव्हती.

"एकानं जरी तोंड उघडलं असतं," सासूबाई म्हणाल्या, "तर दोघंबी मांडवात बसली असती."

अण्णा उठून मागाच्या खोलीत गेला, बाहेर आलाच न्हाय.

तुमच्यात पण पाव्हणं आल्यावर कुणाला असं शेजारी नेऊन बसवलंय काय हो?