आबा बाहेरगावी असतात

पुण्यातल्या निम्म्या सॉफ्टवेअर कंपन्या आमच्या आबांच्या जिवावर चालल्या आहेत, आणि त्या कंपन्यांना याचा पत्ताही नाही. हे विधान मी कोणासमोरही करायला तयार आहे. आबा म्हणजे माझे आजोबा नव्हेत की गावचे पाटीलही नव्हेत. जळगावला महामार्गालगत, टायरच्या दुकानावर आमचं छोटंसं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं, त्यातले ते सगळ्यात जुने प्रोग्रामर. वय पंचेचाळिशीच्या आसपास. पण ज्या धंद्यात तिशी उलटली की माणसाकडे कीव केल्यासारखं बघतात, तिथे पंचेचाळिशीच्या माणसाला आबा नाही म्हणायचं तर काय? फैजपूरहून नवा नवा आलेला मी पहिल्या दिवशी त्यांना 'सर' म्हणालो, तेव्हा कोण मोठा माणूस आला म्हणून त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. मग मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "भो, आठे कितला दिन ऱ्हाशी?" इथे किती दिवस राहणार, हा प्रश्न रुजू झाल्यावर अर्ध्या तासात ऐकणारा माणूस जगात दुसरा नसेल.

पण आबांचं तसंच होतं. पगार त्यांना प्रोग्राम लिहिण्याचा मिळायचा, आणि ध्यास मात्र ऑफिसात आलेल्या प्रत्येक पोराला तिथून पुण्याला घालवण्याचा. आमचे शेठ कधी कधी वैतागायचे. "माझ्याच पंख्याखाली बसून हा माझीच माणसं फोडतो," म्हणायचे, आणि लगेच आबांसाठी चहा सांगायचे, कारण गेलेल्या माणसाचं काम आबा बिनबोभाट आपल्या अंगावर घ्यायचे. संध्याकाळी पाच वाजले की आबा टेबलाखालच्या पिशवीतून कोट काढत. हा त्यांचा लग्नातला कोट. पोटावर त्याची बटणं लागत नसत, म्हणून ते तो खांद्यावरून नुसता पांघरल्यासारखा घालत आणि मुलाखतीच्या तालमीसाठी उमेदवाराला घेऊन गच्चीवर जात. जळगावच्या मे महिन्यात गच्चीवर कोट घालणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. "एसी केबिन आहे असं समज," ते घाम पुसत म्हणायचे.

तालमीत आबा एकटेच सगळी कमिटी व्हायचे. कधी ते उमेदवाराकडे न बघता मोबाइल चाळणारे साहेब होत. कधी स्वतःलाच उत्तर माहीत नसल्यामुळे चिडणारे साहेब होत. कधी नुसतेच भत्त्याची पुडी फोडून समोर बसत आणि मुरमुरे-शेव कुरकुरत खात. त्या आवाजातही ज्याला आपला मुद्दा शेवटपर्यंत सांगता येईल तो पास. अमळनेरची एक मुलगी आमच्याकडे होती. अत्यंत हुशार, पण बोलायची इतकं हळू की शेजारी बसूनही ऐकू येऊ नये. तिला आबांनी गच्चीच्या कठड्याशी महामार्गाकडे पाठ करून उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. खालून केळीचा ट्रक हॉर्न देत गेला की तिनं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, असा नियम. पहिल्या दिवशी तिचं एकही वाक्य पुरं झालं नाही आणि ती रडली. महिनाभरानं ट्रकवालेच दचकत असतील. ती पुण्याला लागली, आणि बघता बघता तिथे लोकांच्या मुलाखती घ्यायला लागली.

आबांच्या शिकवणीत तंत्र कमी आणि माणूस जास्त असायचा. "माहीत नाही म्हणायला लाजायचं नाही," ते म्हणायचे. "पण आपली पोरं 'माहीत नाही' असं म्हणतात, जसं काही त्यांना शेंगा चोरताना धरलंय. मान वर ठेवायची. माहीत नाही, पण शोधायला मी अशी सुरुवात करेन, असं सांगायचं." आणि सगळ्यात कडक नियम एका प्रश्नाचा. पुण्याला यायला तयार आहात का, या प्रश्नाला उत्तर प्रश्न संपायच्या आत द्यायचं. हो म्हणजे हो. "एक श्वास जरी थांबलास ना, तर त्यांना तुझी आई दिसते, तुझं घर दिसतं, वावरातली विहीरसुद्धा दिसते. मग ते दुसऱ्याला घेतात." माझ्याकडून हा 'हो' त्यांनी इतका घोटून घेतला होता की एकदा घरी आईनं जेवतोस का म्हणून विचारायला तोंड उघडलं, तर मी आधीच हो म्हणून बसलो.

पोरगं पास झालं की आबा स्वतः भरीत करत. कोणाच्या तरी शेतावर सगळं ऑफिस जायचं, कपाशीच्या काड्यांवर हिरवी लांबट वांगी भाजली जायची, आणि धुरात डोळे लाल झालेले आबा ती सोलून लाकडी बडजीत ठेचत बसायचे. त्या वेळी त्यांच्या आसपास कोणी कामाचं बोललेलं त्यांना खपत नसे. खरं तर कामातही त्यांच्या डोक्यात भरीतच असायचं. त्यांच्या एका जुन्या प्रोग्रामात चार ठिकाणांहून माहिती आणून एकत्र करणारा एक भाग आहे, त्याचं नाव त्यांनी 'भरीत' ठेवलं होतं. एकदा परदेशातल्या गिऱ्हाइकानं व्हिडिओ कॉलवर विचारलं की हे काय आहे. आबांनी गंभीरपणे सांगितलं, "ही आमच्याकडची पारंपरिक पद्धत आहे." त्या साहेबानं ते लिहून घेतलं. पुढे त्या कंपनीच्या कागदपत्रांतही ते नाव तसंच आलं आणि आबांनी ते आम्हाला अभिमानानं दाखवलं.

एवढ्या मुलाखतींचे गुरू असलेल्या या माणसानं स्वतः आयुष्यात एकही मुलाखत दिलेली नव्हती. हे मला कळलं तेव्हा मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिलो. आबा मूळचे धुळ्याचे, देवपूरचे. शेठही तिथलेच. समोरासमोर घरं. आबांचं शिक्षण संपलं तेव्हा शेठनी गॅलरीतून ओरडून विचारलं, "काय करतोस रे सध्या? जळगावला ऑफिस काढतोय. सोमवारी ये." आबा सोमवारी गेले. संपली मुलाखत. तेव्हापासून ते जळगावला खोली करून राहत आणि दर शनिवारी संध्याकाळी एसटीनं धुळ्याला घरी जात. वहिनी देवपुरात शाळेत शिक्षिका, त्यामुळे बिऱ्हाड तिथेच. आम्ही कधी विचारलं, आबा, सगळ्यांना पाठवता, तुम्ही का नाही गेलात पुण्याला, तर ते खरोखर आश्चर्य वाटून म्हणायचे, "अरे, मी बाहेरगावीच शे ना!" धुळ्यापासून जळगाव म्हणजे एसटीची दोन-अडीच तासांची वाट, पण आबांच्या लेखी ते परमुलूख. इथलं पाणी मानवत नाही, इथल्या शेवभाजीला धुळ्याची चव नाही, अशा तक्रारी ते दुबईला गेलेल्या माणसासारख्या करायचे. आम्ही यावरून त्यांची पुष्कळ थट्टा केली. त्यांनीही करू दिली.

मग गेल्या वर्षी शेठनी ऑफिस बंद करायचं ठरवलं. मोठं गिऱ्हाईक गेलं होतं, शेठचं वय झालं होतं, आणि त्यांच्या मुलाला या धंद्यात रस नव्हता. आम्हा सगळ्यांची सोय आबांनी महिनाभरात लावली. मी पुण्याची मुलाखत दिली, प्रश्न संपायच्या आत हो म्हणालो आणि पास झालो. राहिले फक्त आबा. घराचा हप्ता चालू, मुलगी बारावीत, पुढचं तिचं शिक्षण तोंडावर, आणि या वयात दारोदार अर्ज करायचे. तेव्हा त्या अमळनेरच्या मुलीचा फोन आला. तिच्या कंपनीत अगदी आबांच्या जोगी जागा निघाली होती. पगार आमच्याकडच्या दुपटीहून जास्त. अट एकच, राहायचं पुण्यात. मुलाखत ती आणि तिचे साहेब मिळून घेणार होते.

आम्ही आबांची तालीम घ्यायचं ठरवलं आणि तोंडघशी पडलो. मी साहेब झालो. पहिला प्रश्न विचारला, तर आबा म्हणाले, "बसतोस कसा? साहेब असा अवघडून बसतो का?" दुसऱ्या प्रश्नावर म्हणाले की हा प्रश्न आता कोणी विचारत नाही. तिसऱ्याला त्यांनी माझ्या अंगावर आपला कोट घातला. शेवटी अर्ध्या तासानं माझीच तालीम झाली आणि आबा कोरडे ते कोरडेच राहिले.

प्रत्यक्ष मुलाखतीच्या दिवशी, लाइट गेले तर मोबाइलचं नेट जोडायला म्हणून मी कॅमेऱ्याच्या बाहेर स्टुलावर बसलो होतो. रिकामं ऑफिस, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. पडद्यावर ती मुलगी आणि शेजारी तिचे साहेब, कोणी मध्यमवयीन शांत गृहस्थ. आबा सुंदर बोलले. जे येत होतं ते मुद्देसूद सांगितलं, जे येत नव्हतं ते मान वर ठेवून सांगितलं. गडबड झाली ती त्या मुलीची. गुरूला प्रश्न विचारताना ती इतकी गांगरली की एका प्रश्नात तीन प्रश्न आले. आबा सवयीनं मराठीत म्हणाले, "पोरी, दम घे. एकेक विचार. तुझा प्रश्न चांगला आहे, घाईत वाया घालवू नको." मी कपाळाला हात लावला. साहेब मात्र हसले, आणि मला वाटलं, झालं, आबा पास.

मग साहेबांनीच विचारलं, पुण्याला यायला तयार आहात ना?

आबा थांबले. मला वाटलं नेट गेलं, म्हणून मी पडद्याकडे पाहिलं. नेट होतं. मी स्टुलावरून हातवारे करून हो म्हणा, हो म्हणा असं सांगत होतो, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. बऱ्याच वेळानं ते सावकाश म्हणाले, "सर, खरं सांगतो. या प्रश्नाला हो म्हणायला मी कितीतरी मुलांना शिकवलं. पण मी नोकरीला लागलो तेव्हापासून बाहेरगावीच आहे. माझी मुलगी मला शनिवार-रविवारची ओळखते. तिला कॉलेजात कोणी विचारलं, तर ती म्हणते, पप्पा बाहेरगावी असतात. मला आता घरी जायचंय."

थट्टेत आम्ही जे इतकी वर्षं हसण्यावारी नेलं, ते या माणसाचं खरंखुरं दुखणं होतं, हे मला तिथे स्टुलावर बसून कळलं. मला फार वाईट वाटलं. साहेबांनी मान डोलावली, आभार मानले आणि पडदा काळा झाला. आबांनी कोट काढून त्याची नीट घडी केली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन आला. आम्ही उरलेलं सामान बांधत होतो, म्हणून आबांनी तो स्पीकरवर ठेवला. ती रडत होती. "आबा, साहेब म्हणत होते, घेऊ या, नंतर तयार होतील ते. निर्णय त्यांनी माझ्यावर सोडला. मी 'नाही' असं लिहिलं. चुकले का मी?" आबा हातातली दोरी सोडून खाली बसले. "नाही गं," ते म्हणाले. "तू हो लिहिलं असतंस, तर मला यावं लागलं असतं. एवढा पगार नाकारायची हिंमत माझ्यात नव्हती." मग बराच वेळ ते तिला नवरा कसा आहे, सासूबाईंचा गुडघा कसा आहे, असलं काहीबाही विचारत राहिले.

आबा देवपूरला परतले. घरी बसून ते आता कापसाचे जिनिंगवाले, दवाखाने, शाळा यांची बारीकसारीक कामं करतात. कमाई निम्म्यावर आली, हे ते लपवत नाहीत. "कधी कधी वाटतं, जायला पाहिजे होतं," असंही सरळ सांगतात. पहिले काही दिवस तर घरात त्यांची पाहुण्यासारखी अवस्था होती. पंख्याचं बटण कोणतं, साखरेचा डबा कुठे, काही माहीत नाही. सोमवारी सकाळी ते दाढी करून तयार व्हायचे आणि मग कुठे जायचं नाही हे आठवून ओट्यावर बसायचे. मुलगी कॉलेजहून आली की दारातच थबकायची आणि म्हणायची, "पप्पा, आज बुधवार आहे ना?" हळूहळू तिनं विचारणं सोडलं. आता संध्याकाळी दोघं मिळून भाजी आणायला जातात, आणि भाजीवाली आबांना ओळखत नाही पण तिला ओळखते, याचं आबांना मोठं कौतुक वाटतं.

परवा मी मुद्दाम धुळ्याला उतरलो. घरात मोठी बॅग उघडी पडली होती. मुलीला पुण्यात इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला होता आणि पुढच्या आठवड्यात ती निघणार होती. वहिनी चादरी भरत होत्या, आबा त्या काढून पुन्हा नीट घडी घालत होते आणि दोघांचं त्यावरून भांडण चाललं होतं. आबांनी मला वसतिगृहाविषयी खोदून खोदून विचारलं. खोलीत ऊन येतं का, बसचा थांबा किती लांब, जेवायला सोबत कोण असेल. त्यांच्या मुलाखतीतून मी जेमतेम पास झालो.

मला सोडायला ते देवपूरच्या स्टँडवर आले. पुण्याची बस लागली होती, तरी माझी पिशवी त्यांच्याच हातात होती. मी म्हटलं, "आबा, तुम्ही घरी आलात आणि आता ती चालली."

"जावू दे," ते म्हणाले. "तिना दिन शेत. माले एक वरीस भेटनं भो. बठ्ठं वरीस. सोमवार बी, मंगळवार बी." हे दिवस तिचे आहेत, आपल्याला अख्खं एक वर्ष मिळालं, एवढं बोलून त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि ते वळून चालू लागले, कारण त्यांचे डोळे भरले होते आणि ते मला दिसू नयेत अशी त्यांची इच्छा होती. मला दिसले.

बस पांझरेच्या पुलावरून पुढे गेल्यावर मी फैजपूरला वडिलांना फोन लावला. ते बागेत होते, मागे पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. "काय काम व्हतं रे?" त्यांनी विचारलं. काम काहीच नव्हतं. मी तसं सांगितलं, तर ते म्हणाले, मग थांब, मोटार बंद करून येतो, आणि मी थांबलो.