झेंडूचा हार आणि निळी वायर

झेंडूचा वास आला की पनवेलच्या आमच्या नकाशांच्या ऑफिसातला जुना सर्व्हर आठवतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुणाच्याच कॉम्प्युटरवर सर्व्हरमधली फाइल उघडेना, आणि खारघरच्या इमारतीचे नकाशे न्यायला पार्टी अकराला येणार होती. मी पासवर्ड बदलले, सर्व्हर दोनदा बंद-चालू केला, पार घामाघूम झालो. तेव्हा झाडलोट करणाऱ्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "काल पूजेला या डब्याला हार नीट बसत नवता, म्हणून मागची निळी वायर मीच काढली." मी वायर खोचली आणि सगळ्या फायली उघडल्या. हार मात्र मी दिवाळीपर्यंत काढू दिला नाही. आता ऑफिसात तो डबा नाही; आमच्या फायली कुठल्या देशातल्या सर्व्हरवर असतात कोण जाणे. दसऱ्याला हार हातात घेऊन मी ऑफिसभर जागा शोधत फिरतो.