चुलीपुढचा एप्रन

शाळेच्या स्वेटरांचा हंगाम संपला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. पाटोद्यातल्या दुकानात विणायचं मशीन नुसतं उभं असतं आणि मी त्याच्याभोवती फिरत राहते. सुयांना तेल देते, वरचं कॅरेज उगाच इकडून तिकडे सरकवते, शेजारच्या चहावाल्याशी भांडते. अशाच एका दुपारी एका घरची सून आली. तिच्या नवऱ्यानं मांजरसुंब्याला ढाबा टाकला होता. ढाब्याच्या तोंडाशीच चूल मांडून तिची सासू भाकरी थापायची. गाड्या थांबायच्या, लोक फोटो काढायचे.

"ताई, आमच्या आत्याबाईला एप्रन पाहिजे," ती म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणत होती. "शिवलेले आणून बघितले. पण त्या मांडी घालून बसतात ना, कापड ताणतं न् नाडी तुटती. तुमचं विणलेलं कसं अंगासंगं वाकतं."

गाव कोणतं, मी विचारलं. तिनं सांगितलं आणि मी तेलाची बाटली खाली ठेवली.

ते माझंच गाव. तिचं सासर मोठ्या शेतीवाल्यांचं, आम्ही विहाराकडच्या वस्तीतले. माझी आई त्यांच्या खळ्यावर धान्य पाखडायला जायची. त्या घरात मुलगा झाला तेव्हा आईनं त्याच्यासाठी स्वेटर विणला होता, सायकलच्या तारा घासून केलेल्या सुयांवर, बाजारातून आणलेल्या पिवळ्या लोकरीचा. अंगणातूनच दिला. पुढं थंडी पडली आणि तो स्वेटर आम्हाला दिसला तो त्यांच्या दावणीला बांधलेल्या शेळीच्या करडाच्या अंगात.

आई करडाला कुरवाळायचं निमित्त करून खाली बसली आणि स्वेटरच्या गळ्यात दोन बोटं घालून बघितली. घरी आल्यावर म्हणाली, "गळा कोरा हाय. लेकराच्या अंगात गेलाच न्हाई."

करडाचं तोंड निमुळतं असतं, बाळाचं डोकं वाटोळं. विणलेल्या गळ्यातून बाळाचं डोकं एकदा गेलं की तो थोडा तरी सैल पडतो, पुन्हा तसा मिटत नाही. आईला ते कुणी सांगावं लागलं नाही. ती गेली, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. तेच बाळ आता ढाब्याचा मालक होतं.

"करून देते," मी सुनेला म्हणाले. "पण माप घ्यायला मी येणार."

"जुना एप्रन देते की मापाला."

"जुनं माप शिंप्याला द्या. विणीला माणूस लागतं."

हे पूर्ण खरं नव्हतं. धंद्यात मी एवढं बोलतेच.

मग तिनं स्वेटरांतून उरलेली मरून रंगाची लोकर उचलली. "हीच वापरा. कशी चमकती बघा." मी तिचा एक धागा तोडला आणि काडी ओढून पेटवला. तो जळाला नाही, वितळला. टोकाला काळा मणी झाला.

"हे तुमच्या आत्याबाईच्या मांडीला चिकटलं तर कातडं घेऊन निघंल. सुती दोराच घ्यावा लागंल."

कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं मला त्या म्हातारीची लई काळजी. तसं नव्हतं. माझ्या हातचं पुन्हा त्या घरात जाणार होतं, आणि या वेळी ते अंगावर घातलं जायला हवं होतं. जळालेलं कोण घालतं?

"सुती महाग असंल मग," ती म्हणाली.

"महागच हाय. भाव करायचा असंल तर बस, चहा सांगते."

ती बसली. चहा संपला, दुसरा आला. पोरगी चिवट होती. मला ती आवडायला लागली आणि त्याचाही राग आला.

मापाला मी जीपनं ढाब्यावर गेले. म्हातारी परातीत पीठ मळत होती. माझी आई तिला मालकीणबाई म्हणायची. मी म्हणाले, "काकू, हात वर करा."

त्या शब्दावर तिनं वर बघितलं. "कुणाची गं तू?"

मी आईचं नाव सांगितलं, वस्ती सांगितली.

"ती व्हय? लई चांगलं पाखडायची."

"स्वेटरबी विणायची."

"व्हय?" म्हणत तिनं भाकरी उलटली.

पिठाचे हात तिनं वर धरले, मी टेप तिच्या कमरेभोवती फिरवला. तिनं अंग आत ओढून घेतलं. टेपसाठी की माझ्यासाठी, कळलं नाही. ते "व्हय?" मात्र मला जीपमध्ये पाटोद्यापर्यंत टोचत राहिलं.

सुती दोरा लोकरीसारखा लवत नाही. खाली टांगलेलं वजन थोडं कमी पडलं की टाके सुईवरच अडकतात. साध्या विणीच्या कडा मशीनवरून उतरल्या की पुंगळीसारख्या गुंडाळतात. रागाच्या भरात मी पहिला एप्रन सगळा उसवला. दुसऱ्याला कडेनं जाड उभी वीण घातली, तेव्हा तो सपाट पडला. गळ्यात अडकवायचा पट्टा मी मुद्दाम घट्ट धरला. डोक्यातून जेमतेम जाईल इतकाच.

सून येऊन एप्रन घेऊन गेली, पैसे चोख दिले. काम संपलं होतं, पण मी काही थाऱ्यावर आले नाही. मांजरसुंब्याकडून येणाऱ्या जीपवाल्याला मी विचारायची, "ढाब्यावरची म्हातारी एप्रन घालती का रं?"

"मावशी, मी तिथं जेवायला थांबतो का एप्रन बघायला?"

शेवटी दोरा आणायला बीडला जाते असं घरी सांगितलं आणि मध्येच मांजरसुंब्याला उतरले. लांबूनच चूल दिसली. म्हातारी बसली होती, पदर कमरेला खोचून. अंगात एप्रन नव्हता.

माझं डोकंच फिरलं. तिथं जेवणारी माणसं आहेत, ट्रकवाले आहेत, हेही भान राहिलं नाही.

"काकू, कावून घातला न्हाई?"

"आलीस का? बरं झालं." तिनं भाकरी थापता थापताच मानेनं मागे खूण केली. "धुतलाय, वाळतोय. काय केलंस गं हे? छातीवरचा पोटावर आला. वर ओढून दे."

दोरीवर एप्रन होता, खालच्या कडेनं टांगलेला. ओल्या वजनानं गळा ओढला गेला असेल, असं म्हणायला जागा नव्हती. मी पट्ट्यात दोन बोटं घातली. तो सैल होता, चांगलाच सैल. धुवूनही टाक्यांत पीठ बसलं होतं आणि सुताला धुराचा वास येत होता.

तरी मला गप्प बसवेना.

"ओढून देते. पण एक सांगा. माझ्या आईचा स्वेटर करडाच्या अंगात कावून घातलता?"

तिचा हात भाकरीवर थांबला. मागं ताटं मांडणारी सून वळून बघायला लागली.

"माझी सासू होती तवा," म्हातारी म्हणाली. "तिनं घातलता."

"अन् तुमी?"

तव्यावरच्या भाकरीची कड काळी व्हायला लागली, धूर आला, तरी तिनं ती उलटली नाही. मग एकदम चिमट्यानं उचलून बाजूला टाकली.

"करपली. तुझ्यापायी." आणि दुसरा गोळा हातात घेत म्हणाली, "बस. खाऊन जा."

"मला बीडला जायचंय."

"मग नव्या पट्ट्याचे किती घेशील?"

"आल्यावर सांगते. फुकट करणार न्हाई."

"फुकट कोण मागतंय?"

मी ओला एप्रन पिशवीत घातला. बीडला गेलेच नाही, उलट्या जीपनं दुकानावर आले. जुना पट्टा उसवला आणि दोरा सुयांवर चढवला. मशीनवरचा ताणाचा काटा एकदा सैलवर नेला, मग पहिल्यासारखाच घट्टवर फिरवला.