जामनेरचं भरीत आणि नानांचा वाडगा

जळगावला मातीकाम करायला जाऊ म्हटल्यावर माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, एवढंच विचारलं, "जेवण आहे ना?" आहे म्हटल्यावर स्वतःहून गाडीत हवा भरून आला.

माझी कॉलेजमधली मैत्रीण शबाना आणि तिच्या सोबत्यांनी जळगावच्या पिंप्राळ्यात एक गोदाम भाड्याने घेऊन मातीच्या भांड्यांचा स्टुडिओ केलाय. चाकं आणि भट्टी सगळ्यांची मिळून. दर हिवाळ्यात ते जामनेरला एका शेतात भरीत पार्टी करतात. स्टुडिओत येणाऱ्या आसपासच्या लोकांनी घडवलेले वाडगे मांडायचे, पाहुण्यांनी आवडेल तो उचलून त्यातच जेवायचं आणि खुशीने वर्गणी देऊन तो घरी न्यायचा.

नाशिकहून निघायला उशीर झाला, म्हणून धुळ्याबाहेर एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. "तिखट चालेल ना?" मालकाने विचारलं. "चालेल की!" मिलिंद म्हणाला, आणि पारोळ्यापर्यंत त्याने पाण्याची बाटली सोडली नाही. पुढे एरंडोलवरून जळगावपर्यंत रस्ता छान आहे.

दुपारी स्टुडिओत आम्ही चाकावर बसलो. मिलिंदचा वाडगा उभा राहायचा आणि लगेच आडवा व्हायचा. शेजारी बसलेले नाना गालात हसत म्हणाले, "भाऊ, पोळ्या लाटी ऱ्हायनात का?"

नाना वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. लकव्यानंतर त्यांचा उजवा हात साथ देत नाही. कित्येक महिने खपून त्यांनी डाव्या हाताने एकच वाडगा पूर्ण केला होता. "आज तो भट्टीतून निघाला," शबाना हळूच म्हणाली. "तेव्हापासून नुसते त्याच्याकडे बघतायत."

दुसऱ्या दिवशी जामनेरच्या शेतात सगळे वाडगे ओळीने मांडले. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा वास सुटला होता. लोक सुबक वाडगे उचलत होते. नानांचा एका बाजूला कललेला वाडगा मागेच राहिला आणि नाना उगाचच दुसरीकडे पाहू लागले.

तेवढ्यात मिलिंदने तोच उचलला.

"बठ्ठा वाकडा शे तो!" नाना ओरडले.

"पण सगळ्यात मोठा आहे, नाना. भरीत जास्त मावेल."

नाना खळखळून हसले. जेवण झाल्यावर मात्र मिलिंद वर्गणी द्यायला निघाला, तसा त्यांनी त्याचा हात धरला. "हाऊ मना शे. धुईसन माले वापस द्या." मग खालच्या आवाजात म्हणाले, "घर अक्का वाट दखी ऱ्हायनी. तिनी आजून दखा नही." अक्का म्हणजे त्यांची बायको.

आम्ही त्यांना आमच्याच गाडीतून पिंप्राळ्याला घरी सोडलं. वाटभर वाडगा त्यांच्या मांडीवर होता.

अक्कांनी तो हातात घेऊन फिरवला. "इतला दिन लागनात, आनि हाऊ असा?" मग काठाजवळच्या एका खोलगट ठशावर अक्कांचं बोट थांबलं. "हाऊ तुमना अंगठा शे का?"

"हा."

अक्कांनी त्या ठशात आपला अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मिलिंद एकाएकी गाडीची काच पुसायला निघून गेला.

जळगावहून काय आणलं, असं शेजारीण विचारते. वांगी आणली होती, ती संपली. वाडगा एकही आणला नाही. अक्कांचा तो अंगठा मात्र भाजी वाढता वाढता मध्येच डोळ्यांसमोर येतो, आणि मग मी समोर बसलेल्या माणसाला जरा जास्तच वाढते.